बाईंनी माझं विचारणं बंद केलं

परवा नांदेडला आम्हा नर्सांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. एसी हॉल, मोठा पडदा, पडद्यावर गुलाबी गालांचं बाळ आणि दर दीड तासाला चहा-बिस्किट. शेवटच्या दिवशी एक फॉर्म हातात दिला. त्यात विचारलं होतं की आपणास कोणती प्रशिक्षण पद्धत सर्वांत परिणामकारक वाटली. खाली चौकटी होत्या : व्याख्यान, गटचर्चा, चित्रफीत, प्रात्यक्षिक. शेजारची मैत्रीण म्हणाली, टाक की कुठंतरी टिक, गाडी निघून जाईल. मला काही टिक टाकवेना. बाळंतपणाच्या खोलीतलं मला जे काही येतं, ते ज्या पद्धतीनं आलं तिला त्या कागदावर चौकटच नव्हती. चालत्या माणसाच्या अंगावर ओल्या वाळूची बाहुली फेकणे, अशी चौकट कोण छापणार?

ती बाहुली फेकणाऱ्या आमच्या बाई. जळकोट तालुक्यात डोंगराच्या अंगाला एक आरोग्य केंद्र आहे, गावाचं नाव कशाला सांगू. मी नायगावची. नर्सिंग झाल्यावर पहिल्यांदा तिथं कंत्राटावर लागले, तेव्हा बाई तिथल्या सिनिअर सिस्टर होत्या. बुटक्या, रुंद, केसाला चपचपीत तेल, आणि पायात पुरुषांचे कापडी बूट. बूट कशाला म्हणून कुणी विचारलं की म्हणायच्या, चपलेत पळता येत न्हाई. माहेर उदगीरच्याही पलीकडं, कर्नाटकाच्या कडेला. त्यामुळं त्या बोलायच्या मराठीत, पण मोजायच्या कानडीत. वंदू, यरडू, मूरू. गोळ्या मोजायच्या असोत की बाईच्या कळा, आकडे कानडीच.

आणि त्यांच्या काखेत ती बाहुली. जुन्या लुगड्याचं धड, आत ओली वाळू भरलेली, तोंड जत्रेतल्या प्लास्टिकच्या बाहुलीचं. छातीत दुधाची रिकामी पिशवी, तिला सलाईनची नळी जोडून ती तोंडापर्यंत आणलेली. मास्क तोंडावर नीट बसला आणि त्याला जोडलेला, श्वास द्यायचा रबरी फुगा दाबला तरच छाती वर यायची. जरा फट राहिली की फुस्स. बाळाच्या काट्यावर घालून घालून त्यांनी वाळू कमीजास्त केली होती आणि बरोबर अडीच किलो वजन जमवलं होतं. सरकारी बाहुली जिल्ह्याहून आलेली होती, छान रबरी, पण ती खराब होऊ नये म्हणून कपाटात कुलूपबंद. तिची आठवण निघाली की बाई म्हणायच्या, तिला झोपू द्या, ती साहेब आल्यावर उठती.

बाई आपल्या बाहुलीला पाहुणी म्हणायच्या. ‘पाहुणी आली गं’ असा आवाज आला की हातातलं टाकून झेलायची, पुसायची, टेबलावर ठेवायची, मान नीट करायची आणि मिनिटाच्या आत फुगा दाबायला लागायचं. रडत नसलेल्या लेकराला जन्मल्यापासून एवढाच वेळ असतो. पाहुणी कधी येईल याला धरबंध नव्हता. मी धुणं वाळत घालत असताना आली. रजिस्टर लिहिताना आली. एकदा फार्मासिस्टच्या मुलीच्या बारशाला जेवणाच्या पंगतीत आली. माझ्या पानात वरण-भात, आणि मांडीवर ती ओली धोंड. सगळ्या पाहुण्यांसमोर मला पानाशेजारी तिची मान सरळ करायला लावली. मी रडकुंडीला आले होते. बाई शांतपणे जिलबी खाऊन राहिल्या होत्या.

बरोबर जमलं तरी शाबासकी नाही. ‘हं, पुन्हा.’ एवढंच. एकदा मी चिडून म्हटलं, बाई, बरोबर तर केलं की. तेव्हा त्यांनी सांगितलं, ‘चुकलं म्हणून पुन्हा न्हाई पोरी. बरोबर आलं म्हणून पुन्हा. एकदा बरोबर कुणाचं बी येतंय.’

सर्टिफिकिटांची त्यांना भारी चेष्टा. त्यांच्याकडं गठ्ठा होता, सोनेरी काठाची, सह्या-शिक्क्यांची. ती त्यांनी ट्रेखाली कागद म्हणून अंथरली होती. कात्रीखाली एक, चिमट्यांखाली एक. मी हळहळले तर म्हणाल्या, कागद जाड हाय, चांगला टिकतो.

लोक त्यांना येडी बाई म्हणायचे आणि पहिल्या आठवड्यात मीही म्हणाले. मग लक्षात आलं की ह्या येड्या बाईचं माणसावर बारीक ध्यान आहे. माझ्याआधी तिथं दोन नर्स होऊन गेल्या होत्या, त्यांचं मला झाडलोट करणाऱ्या मावशीनं सांगितलं. एक बडबडी. तिला बाई काही शिकवायच्याच नाहीत, उलट गावोगावच्या आशा सेविकांना गोळा करून तिलाच शिकवायला बसवायच्या. बोलता बोलता तिचं तिलाच कळायचं की आपल्याला कुठलं येत नाही. दुसरी भित्री, कुणी बघत असलं की तिचे हात थरथरायचे. तिला पाहुणी घेऊन खोलीत एकटीला सोडायचं, दार लावायचं, आणि झालं की तिनं बाहेर येऊन फक्त सांगायचं, इतक्यांदा जमलं, इतक्यांदा नाही. बाई तिच्या शब्दावर विश्वास ठेवायच्या. दोघीही पक्क्या तयार झाल्या. बाईंचं म्हणणं असं, की हात सगळ्यांना दोनच असले तरी प्रत्येकाच्या हातात विद्या वेगळ्या दारानं शिरते, आणि ते दार शोधणं हे शिकवणाऱ्याचं काम आहे.

माझं दार मात्र त्यांना लवकर सापडलं नाही.

मी हुशार होते, सांगायला काय लाज. फर्स्ट क्लास, वहीत सगळं उतरवलेलं, लाल पेनानं खाली रेघा. पाहुणीवर माझा हातही चांगला चालायचा. आणि रुजू होऊन महिना झाला नाही तोच एक बाळंतपण झालं, आणि लेकरू रडलं नाही. निळसर, मऊ पडलेलं. बाई वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला एकीला इंजेक्शन देत होत्या. लेकरू माझ्या हातात होतं. फुगा हातभर अंतरावर. काय करायचं ते मला पाठ होतं, झोपेत विचारलं असतं तर सांगितलं असतं. आणि मी काय केलं? मी लेकरू घेऊन दाराकडं तोंड केलं आणि ओरडले, ‘बाई, काय करू?’

बाई त्या कापडी बुटांत धावत आल्या, लेकरू घेतलं, फुगा दाबला. ते रडलं. वाचलं. पण त्यांना वॉर्ड ओलांडून यायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ मी नुसती उभी होते. आज इतक्या वर्षांनी लिहितानासुद्धा माझे कान गरम होतात.

माझी हाक ऐकून डॉक्टरही बाईंच्या मागोमाग दारात आले होते, त्यांनी सगळं पाहिलं. तरुण होते, माणूस वाईट नव्हता. बाईंना बोलावून म्हणाले की हिला एकटीला ड्युटी देता येत नसेल तर मला दुसरी नर्स मागवावी लागेल, कंत्राट पुढं वाढवता येणार नाही. महिनाभर बघा आणि मला लेखी द्या. मी बाहेर बाकावर बसून ऐकत होते. आमच्या वस्तीत नर्स झालेली मी पहिलीच. निघताना विहारात सगळ्यांसमोर माझ्या अंगावर शाल घातली होती. बाबा चार शब्द बोलायला उठले आणि दुसऱ्याच शब्दाला डोळे पुसत खाली बसले. त्या माणसांसमोर जाऊन मी काय सांगणार होते? लेकरू हातात असताना मला काही सुचलं नाही म्हणून मला घरी पाठवलं, असं?

बाईंनी दुसऱ्या दिवसापासून मला धरलं. भिंतीवरचं घड्याळ काढून टेबलावर माझ्यासमोर ठेवलं. पाहुणी टाकायची, आणि सेकंद मोठ्यानं मोजायचे. कानडीत. चुकलं की बोलणी. ‘मेलं लेकरू. घे, दुसरं.’ मी दिवसातनं पाच-सहा लेकरं मारायला लागले. आधी जमत होतं तेही बिघडलं. मास्क उलटा लावला, फुगा हातातनं सुटला. आठवड्यानं तर बाईंचा आवाज आला की मी मोरीत जाऊन बसायचे. मी रात्री आईला फोन करून सांगितलं, मला इथं राहायचं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी घड्याळ उचललं, स्टुलावर चढून परत भिंतीवर टांगलं आणि स्टुलावरूनच म्हणाल्या, ‘माझं चुकलं. ही रीत तुझी न्हाई.’

माझ्या आयुष्यात तोवर कुठल्याच शिकवणाऱ्या माणसानं माझं चुकलं असं म्हटलं नव्हतं. शाळेत नाही, नर्सिंगला तर नाहीच. पोराला येत नसलं तर पोरगं मठ्ठ, इतकं ते सरळ असायचं. बाई खाली उतरल्या, हात झटकले आणि कामाला लागल्या. त्या क्षणापासून ती बाई मला आवडायला लागली, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

पुढं दोन दिवस पाहुणी नाही, बोलणी नाही, काहीच नाही. बाई नुसत्या माझ्या मागं मागं. मी ड्रेसिंग करतेय, या उभ्या. मी टपरीवर चहाला गेले, या शेजारी. मी डबा उघडला, या समोर. मला वाटलं, झालं, आता लेखी द्यायची तयारी चालली आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, काल दिवसभरात किती जणांना किती गोष्टी विचारल्यास ठाऊक हाय का? मला काय ठाऊक असणार. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. मावशीला विचारलं, बादली इथं ठेवू का. फार्मासिस्टला विचारलं, ही बाटली उघडू का. टपरीवाल्याला विचारलं, साखर कमी चालेल का, आता चहा प्यायचा तू, त्याला काय कळणार? पट्टी बांधू का, खिडकी लावू का, जेवायला बसू का. ‘तुला समदं येतंय,’ बाई म्हणाल्या, ‘खिडकी लावायला बी येतंय. पण कुणी हो म्हटल्याबिगर तुझा हात उठत न्हाई. लेकरू हातात हाय आन् तू परवानगी मागून राहिलीस.’

ऐकून मला राग आला, कारण ते खरं होतं. आणि त्यात माझं एकटीचं काय चुकलं? आमच्याकडं न विचारता हात लावणं म्हणजे आगाऊपणा. घरात आत्याला विचारल्याशिवाय चूल पेटवायची नाही. नर्सिंगला आमच्या मेट्रनचा तर एकच मंत्र होता, कुणाला विचारून हात लावलास? मोठं माणूस खोलीत असताना आपण होऊन काही करायचं नाही, विचारायचं, म्हणजे त्याचा मान राहतो. मान देता देता माझ्यासारख्या किती जणी अशा हातातलं लेकरू घेऊन उभ्या राहिल्या असतील, देव जाणे. मी हे बाईंना बोलून दाखवलं. बाई म्हणाल्या, हाव, मला लई मान मिळाला त्या दिवशी.

मग त्यांनी फर्मान काढलं. आजपासून पंधरा दिवस मी ह्या इमारतीत कुणालाही काही विचारायचं नाही. काय करायचं ते ठरवायचं, करायचं, आणि केल्यावर सांगायचं. मावशी, फार्मासिस्ट, ड्रायव्हर, सगळ्यांना ताकीद दिली, ही पोरगी काही विचारील तर मुकं व्हायचं. डॉक्टरांनासुद्धा सांगितलं. डॉक्टर हसले, पण पाळलं त्यांनी.

काय हाल झाले म्हणून सांगू. पहिल्या दिवशी मी तोंड उघडलं की समोरचा माणूस छताकडं बघायचा. मावशीला तर इतका चेव आला की मी नुसतं ‘मावशी’ म्हटलं तरी ती पदर तोंडात कोंबून पळायची. मी एकदा उकळून ठेवलेली सगळी हत्यारं पुन्हा उकळायला घातली, कारण ती झालीत की नाही हे विचारायची सोय नव्हती आणि डब्यावरची चिठ्ठी वाचायचं मला सुचलं नाही. अर्धा दिवस वाया. मी भीत भीत बाईंना सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘ठरवलंस ना? मग निस्तर बी तूच.’ आणि वाळवायला लागल्या माझ्याबरोबर.

एकदा लाईट गेली, ती यायचं चिन्ह दिसेना. फ्रिजमध्ये लसी. बाई समोर शेंगा सोलत बसलेल्या, फार्मासिस्ट छताकडं बघतोय. मी बर्फाच्या पिशव्या काढल्या, लसी थंड पेटीत भरल्या, वर थर्मामीटर ठेवला, वेळ लिहिली, आणि बाईंपुढं जाऊन सांगितलं, लसी हलवल्या. बाईंनी मूठभर शेंगा माझ्या हातात दिल्या. ‘पुन्हा’ म्हणाल्या नाहीत. मी त्या शेंगा टरफलासकट खाल्ल्या असत्या.

पाहुणी परत सुरू झाली, पण आता वेगळ्या तऱ्हेनं. बाई बाहुली माझ्याकडं टाकायच्या आणि भिंतीकडं तोंड करून बसायच्या. माझं होईस्तोवर वळून बघायच्या नाहीत. मी सांगायचे, छाती वर आली. त्या भिंतीला म्हणायच्या, बरं. पहिल्यांदा मला त्या पाठीचा राग यायचा. नंतर नंतर ती दिसेनाशीच झाली.

महिना भरायला तीन दिवस राहिले होते. दुपारची वेळ, डॉक्टर लातूरला मीटिंगला गेलेले. तांड्यावरची एक बाई आली, दुसरं बाळंतपण, सोबत सासू. सगळं सरळ चाललं होतं. लेकरू बाहेर आलं, मुलगी, आणि नाही रडलं. पुसलं, पाठ चोळली, तरी नाही. त्याच वेळी आईला रक्तस्राव सुरू झाला. बाईंनी तिला इंजेक्शन टोचलं आणि दोन्ही हातांनी पोट दाबून चोळायला घेतलं. त्या तिला सोडू शकत नव्हत्या. सोडली असती तर ती गेली असती.

मी नाळ कापली, लेकरू वॉर्मरच्या उबेखाली घेतलं. तोंड, नाक साफ केलं. मास्क लावला, दाबला. छाती हलली नाही. माझ्या मागं सासू रडायला लागली होती. मी पुन्हा दाबला. नाही. आणि मागनं बाईंचा आवाज आला, कधी नव्हे तो कापरा, ‘अगं, मान बग तिची, मान जरा—’

मी मागं न बघता म्हणाले, ‘बाई, गप बसा.’

मी मास्क काढला, मान जराशी वर केली, मास्क परत बसवला, हनुवटीशी बोटानं घट्ट धरला. दाबला. छाती वर आली. वंदू, यरडू, मूरू. मी मोठ्यानं मोजत होते आणि कुठल्या भाषेत ते मला कळतही नव्हतं. किती वेळ गेला मला सांगता यायचं नाही, रजिस्टरमध्ये लिहिलाय तो खरा. मग त्या पोरीनं तोंड वाकडं केलं, एक बारीक कण्हणं काढलं, आणि जी रडायला लागली ती थांबेचना. मागं बाई म्हणाल्या, आईचं रगत बी थांबलं.

सगळं आवरून झाल्यावर बाई मागच्या पायरीवर जाऊन बसल्या. बूट काढून शेजारी ठेवले होते. मी जवळ गेले तर त्यांचे डोळे लाल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वयानं आईएवढ्या बाईला मी गप बसा म्हणाले होते, तेही परक्या माणसांसमोर. मी हात जोडले, म्हटलं, बाई, माझं चुकलं, तोंडातनं निघून गेलं.

‘माफी कशाची मागून राहिलीस?’ बाई म्हणाल्या. ‘मी गप बसले की न्हाई?’ मग म्हणाल्या, ‘मला भ्या वाटलं पोरी. तुझा हात बरोबर चालला होता आन् मलाच दम निघंना.’ आणि हातानं डोळे पुसून हसायला लागल्या. मीही हसले, रडलेही. मावशी चहा घेऊन आली ती आम्हां दोघींना बघून तशीच परत गेली.

महिना भरला त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. त्यांना सगळं कळलं होतंच, पण लेखी ते लेखी. बाईंनी कमरेची पिशवी उघडून घडी घातलेला कागद त्यांच्यापुढं ठेवला. डॉक्टरांनी कागद वाचला, उलटा करून पाठीमागं काही आहे का बघितलं.

‘बाई, हा तर तुमच्या रजेचा अर्ज आहे,’ ते म्हणाले. ‘उद्यापासून आठ दिवस. मग बाळंतपणं कोण करणार?’

बाईंनी हनुवटी माझ्याकडं केली, बस. डॉक्टर एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. उदगीरची गाडी उभीच होती. बाई बहिणीकडं निघाल्या होत्या. किती वर्षांनी निघाल्या ते त्यांनाच आठवत नव्हतं. पिशवी त्यांच्या हातात देता देता मी म्हणाले, बाई, काही अडलं तर फोन करू का?

बाईंनी कमरेच्या पिशवीतनं मोबाईल काढला, माझ्या डोळ्यांसमोर बंद केला, कपड्यांच्या तळाशी खुपसला आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या. गाडी निघाली तरी वळून बघितलं नाही.

मी परत फिरले. वॉर्डात एकीच्या कळा सुरू झाल्या होत्या.